रेठऱ्याचा पठ्ठा, हिवरगावची पवळा

हलगी तापवायला मामांनी जुना पेपर पेटवला. जाळावरून हलगी एकदा उलटी, एकदा सुलटी फिरवली, बोटाच्या पेरानं कातड्यावर टिचकी मारली, मान हलवली आणि पुन्हा जाळावर धरली. तिसऱ्या टिचकीला आवाज बदलला. मघाचा ओलसर, बसका नाद जाऊन कडक, कोरडा, भिंतीवर आपटून परत येणारा नाद निघाला. "हां, आता बोल," मामा म्हणाले.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका घराच्या मागच्या अंगणातली ही गोष्ट. बोलायचं होतं ते एकोणीस वर्षांच्या एका पोराला. तो रॅप करतो. आतापर्यंत मोबाईलवर उतरवून घेतलेल्या तालावर करायचा, आता त्याला खरी हलगी हवी होती. खासबाग मैदानात कुस्ती रंगात आली की वाजते ती. शब्द त्याच्या दोस्तानं लिहिलेले. दोस्त बाजूच्या कट्ट्यावर मोबाईल धरून बसला होता, चुकलं की आठवण करून द्यायला. पोरानं सुरुवात केली आणि चौथ्या ओळीला त्याची दमछाक झाली. मामांनी हात थांबवला. "शब्द भरतोयस पोत्यात भरल्यागत. श्वास कुठं ठेवलास?"

पोरगा हसला नाही. त्यानं ओळ पुन्हा वाचली, दोन शब्द काढून टाकले. मग मामांनी विचारलं, "हे लिवलं कुणी?" त्यानं दोस्ताकडं बोट दाखवलं. "आणि लोकांत म्हणणार तू. मग नाव कुणाचं?" या प्रश्नाला दोघांकडंही उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. पण त्या प्रश्नानं मला पठ्ठे बापूराव आठवले, आणि बापूरावांच्या मागोमाग पवळा.

त्या पोराच्या मोबाईलमध्ये अमेरिकेतल्या अटलांटाची गाणी भरलेली आहेत. तिकडच्या रॅपचा इतिहास त्याला तोंडपाठ. रॅप न्यूयॉर्कमध्ये जन्मला, मग पश्चिम किनाऱ्यावर लॉस एंजेलिसला गेला, आणि बरीच वर्षं या दोन टोकांच्या भांडणात दक्षिणेकडच्यांना कुणी विचारीत नव्हतं. ३ ऑगस्ट १९९५ ला न्यूयॉर्कमध्ये एक पुरस्कार सोहळा झाला. अटलांटाच्या आउटकास्ट या दोन पोरांच्या जोडीला नव्या गटाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा सभागृहानं त्यांची हुर्यो उडवली. त्यातला आंद्रे बेंजामिन तेव्हा वीस वर्षांचा होता. तो माईकपाशी गेला आणि दक्षिणेलाही काही सांगायचं आहे, एवढंच म्हणाला. पुढं २००४ मध्ये याच जोडीला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. आज त्या देशातलं रॅप दक्षिणेच्या तोंडानं बोलतं. पोरगा हे सगळं मला डोळे मोठे करून सांगत होता. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "भावा, असला एक दक्षिणेचा गडी आपल्याकडंही होऊन गेलाय. पेठ नाक्यावरनं आत वळलं की त्याचं गाव."

ते गाव म्हणजे रेठरे हरणाक्ष. वाळवा तालुका, कृष्णाकाठ. कोल्हापुरातून तासा-दीड तासाची वाट. हा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये त्याचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा नावच पडलं दक्षिण सातारा, आणि १९६० मध्ये त्याचं सांगली झालं. दक्षिण हा शब्द या मातीच्या कागदपत्रांतच आहे. वाटेगाव याच तालुक्यातलं. अण्णाभाऊ साठे तिथले. एका तालुक्यानं महाराष्ट्राला दोन असे आवाज दिले. अण्णाभाऊंवर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि अजून लिहायला हवं, पण आजचा लेख त्यांच्या आधीच्याचा आहे.

११ नोव्हेंबर १८६६ ला रेठऱ्यात श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी जन्मला, तोच पुढं पठ्ठे बापूराव झाला. ब्राह्मणाचं घर आणि घरात गावचं कुलकर्णीपण. म्हणजे दप्तर, सारा, नोंदी, आणि गावात मान. अक्षर हाताशी होतं आणि कान तर विलक्षण होता. पहाटे जात्यावर बायका ओव्या म्हणायच्या, त्या ऐकून हा पोरगा त्या चालींवर आपले शब्द बसवायचा, असं त्याच्या चरित्रात सांगतात. मला हे पटतं. जात्याची घरघर हा सुद्धा एक तालच आहे. खुंटा फिरतो, दाणा पडतो, ओवीचा शेवटचा शब्द फेऱ्याच्या शेवटाशी येऊन बसतो. ज्याच्या कानात हे लहानपणी बसलं, त्याला वृत्तं शिकवावी लागत नाहीत.

कुलकर्ण्याच्या पोरानं जात्यावरची गाणी ऐकली यात कुणाला खटकण्यासारखं काही नव्हतं. खटकलं ते पुढचं. तो महारवाड्यातल्या तमाशाच्या फडात जाऊन बसू लागला, त्यांच्यासाठी लिहू लागला, आणि एक दिवस दप्तर सोडून त्यांच्याबरोबरच उभा राहिला. गावानं वाळीत टाकलं. आपण ब्राह्मण असून सोवळं घडी घालून ठेवलं, हे त्यानं आपल्या लावणीतच सांगून टाकलंय. लपवाछपवी नाही आणि माफीही नाही.

ब्राह्मण लावणीकार आधीही होते. सोलापूरचे राम जोशी होते, संगमनेरचे अनंत फंदी होते. दोघंही डफ-तुणतुण्याच्या संगतीत रमले आणि दोघंही उत्तरायुष्यात कीर्तनाकडं वळले. राम जोशींनी मोरोपंतांच्या आर्या घरोघर पोचवल्या. समाजानं दोघांनाही परत घेतलं. १९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' हा बोलपट आला तो लोकांनी डोक्यावर घेतला. बापूराव मात्र परतले नाहीत. कीर्तनाची वाट त्यांनाही मोकळी होती, पुराणं त्यांना पाठ होती, वाणी होती. तरी ते फडातच म्हातारे झाले. माझ्या लेखी त्यांचं मोठेपण लावण्यांच्या आकड्यापेक्षा या न परतण्यात जास्त आहे. आकडा लोक लाखांत सांगतात. तो मोजायच्या फंदात मी पडत नाही.

'पठ्ठे' हे नावही ध्यानात घेण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. तालमीत वस्तादाच्या हाताखाली तयार होणारा तो पठ्ठा. शाहिरीतही तेच. वस्तादाचा पठ्ठा, म्हणजे ज्याला घराणं आहे, ज्याच्या पाठीवर कुणाचा तरी हात आहे. कुलकर्णी हे बापाकडून आलेलं नाव त्यांनी टाकलं आणि फडातलं नाव घेतलं. लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपलं नाव गुंफतो. पूर्वी छपाई नव्हती, दुसऱ्या फडानं लावणी उचलली तर ती कुणाची हे कळायला नाव ओळीतच मुरवून ठेवायचं. काढायला गेलं तर यमकच मोडावं. अटलांटाचं पोरगं गाण्यात मधेच आपलं नाव पुकारतं, तेही असंच. हे मी शिवाजी पेठेतल्या पोराला सांगितलं तेव्हा त्यानं लगेच दोस्ताकडं पाहिलं. दोस्ताचं नाव ओळीत नव्हतं.

आता फडातली चकमक कशी चालते ते सांगायला हवं, कारण रॅपवाली पोरं सगळ्यात जास्त तिथंच रमतात. आपल्याकडं कलगी आणि तुरा अशी दोन घराणी. कलगीवाले शक्तीला मोठी म्हणणार, तुरेवाले शिवाला. दोन फड समोरासमोर बसतात. एकजण पुराणातलं कोडं घालून सवाल टाकतो, याला भेदिक म्हणतात. समोरच्यानं त्याच चालीत, तेच यमक राखून, तिथल्या तिथं जवाब द्यायचा. पाठीमागं झीलकरी उभे असतात. ते शेवटचा शब्द उचलून धरतात, आणि तेवढ्या चार मात्रांत शाहिराला पुढची ओळ सुचायला लागते. झीलकरी नुसता सूर धरत नाही, तो शाहिराला श्वास देतो. रॅपवाल्याच्या मागं एकजण ओळीचं शेपूट म्हणत उभा असतो, त्याचंही काम हेच. कोकणात हा प्रकार शक्ती-तुरा म्हणून अजून जिवंत आहे. मुंबईत चाकरमानी तिकीट काढून रात्रभर बसतात. घाटावर मात्र तो बराच आटला.

बापूरावांनी भेदिक लिहिलं, गण लिहिले, गौळणी लिहिल्या, झगड्याची लावणी लिहिली, वग लिहिले. त्यांची मुंबईवरची लावणी तर शहराचा नकाशा आहे. गिरणीत राबायला गेलेल्या घाटावरच्या माणसानं डोळे फाडून पाहिलेलं शहर त्यात आहे. गावचा माणूस शहरात उभा राहून शहराचं वर्णन त्याच्याच तोंडावर म्हणतो आणि समोर बसलेले हजार कामगार आपलंच म्हणून ऐकतात. या कलेचा खरा वाचक तो होता. पुण्याच्या वाड्यांत लावणी दारं लावून ऐकत, गिरणगावात ती उघड्यावर होत असे.

या सगळ्या वाढीत पवळा कुठं होती? तर मधोमध होती. पवळाबाई हिवरगावकरीण. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची, महार घरातली, १८७० ची. म्हणजे बापूरावांहून चारच वर्षांनी लहान. लहानपणी तिला खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलं होतं असं सांगतात. ती फडात आली आणि फडाचं रूप पालटलं. तोवर तमाशात नाच्या पोरगाच बाईचं सोंग घेत असे. पवळा आली ती बाई म्हणून, आणि आवाज, अदा, हजरजबाबीपणा सगळं घेऊन आली. बापूरावांनी लिहायचं आणि पवळानं म्हणायचं. सवाल-जवाब तर दोघांत रंगायचे. लोक बापूरावांचे शब्द ऐकायला येत हे जितकं खरं, तितकंच लोक पवळेला पाहायला आणि ऐकायला येत हेही खरं. तिकीटबारीला विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, हे मला ओळखता येतं.

आणि मग कोल्हापूर. १९०८-०९ च्या सुमारास बापूरावांना छत्रपती शाहू महाराजांपुढं 'मिठाराणी'चा वग करण्याचा मान मिळाला. वेळ लक्षात घ्या. खासबाग मैदान अजून झालेलं नव्हतं, ते १९१२ चं. पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, ते १९१५ चं. आधी राजानं ऐकलं, मग राजानंच रंगमंच बांधले. त्याच नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी माणसं तिथं जाऊन रडली. रडणाऱ्यांत मीही होतो. ज्या गावाला रंगमंच जळाल्याचं घरचं माणूस गेल्यासारखं वाटतं, त्या गावाचा कान तयार आहे, असं मी मानतो.

शाहू महाराजांपुढं उभी राहिलेली ही जोडी कोण होती ते पाहा. एक कुलकर्णी, ज्यानं कुलकर्णीपण टाकलं. महाराजांनी पुढं १९१८ मध्ये आपल्या संस्थानातली कुलकर्णी वतनंच बंद केली आणि तलाठी नेमले. आणि एक मुरळी. महाराजांनी १९२० मध्ये जोगत्या-मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्ध कायदा केला. या दोन कायद्यांचा त्या वगाशी काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पण त्या काळी कागदावर जे दहा-बारा वर्षांनी आलं, ते त्या रात्री दोन माणसांच्या रूपानं राजापुढं उभं होतं. कुणी पोवाडा रचला तर या रात्रीवर रचावा.

इथवर गोष्ट गोड आहे, आणि बहुतेक लेख इथंच थांबतात. मला थांबता येत नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूराव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना भेटायला गेले आणि तमाशाच्या खेळाचं उत्पन्न चळवळीला देऊ केलं, असा प्रसंग सांगितला जातो. बाबासाहेबांनी ते नाकारलं. महार बायकांना नाचवून मिळवलेला पैसा नको, हे कारण. बापूरावांना ते किती लागलं असेल! ज्या माणसानं महारांच्या फडासाठी घर, मान, वतन सगळं सोडलं, त्याला त्या जातीचा सर्वांत मोठा नेता सांगतो की तुझा पैसा आम्हाला चालत नाही. पण बाबासाहेबांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. सोवळं घडी घालून ठेवणाऱ्याला ते कधीही उलगडता आलं असतं. पवळेला ती मुभा नव्हती. बापूराव फडात गेले ते आपल्या मर्जीनं. पवळेला कुणी विचारलं होतं? एकाच पाटावर उभ्या असलेल्या दोघांच्या पायाखालची जमीन वेगळी होती.

हे दुखणं डॉ. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या २०२२ च्या पुस्तकात फार नेटानं उघडून दाखवलंय. पुण्याच्या येरवड्यातून अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात पोचलेल्या या इतिहासकार बाईंना २०२४ मध्ये मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. बाई तमाशातल्या दलित स्त्रियांकडं नुसत्या बळी म्हणून पाहत नाहीत आणि नुसत्या कलावंतीण म्हणूनही पाहत नाहीत. पोट, कला, बदनामी आणि मान या चारी गोष्टी एकाच अंगावर कशा वागवाव्या लागल्या ते सांगतात. मराठीत यावर जितकं बोलायला हवं तितकं आपण बोललेलो नाही.

बापूराव आणि पवळा पुढं वेगळे झाले. पवळा आपल्या मुलखात परतली आणि १९३९ मध्ये गेली. बापूरावही शेवटी हलाखीतच होते. २२ डिसेंबर १९४५ ला पुण्यात त्यांचा अंत झाला. १९५० मध्ये राजा नेने यांनी त्यांच्यावर बोलपट काढला, नाव अर्थातच 'पठ्ठे बापूराव'. त्यांच्या लावण्यांची पुस्तकं निघाली. आजही लावणीच्या कार्यक्रमात त्यांचं नाव घेऊन गण होतो. हे सगळं रास्त आहे. पण पवळेचं काय राहिलं? ती लिहीत नव्हती, म्हणून तिच्या नावावर पुस्तक नाही. कडव्यात नाव गुंफायचा हक्क लिहिणाऱ्याचा, म्हणून ओळीतही तिचं नाव नाही. कुठल्या शब्दावर तिनं थांबायचं ठरवलं, कुठली ओळ तिनं म्हणताना फिरवली, कुठला जवाब तिनं जागच्या जागी दिला आणि तो नंतर कागदावर दुसऱ्याच्या नावानं उतरला, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. फडाच्या धंद्यात अशी उतरंड झाल्याशिवाय राहत नाही. आणि रॅपमध्ये आज नेमकं उलटं होतं. म्हणणाऱ्याचा चेहरा दिसतो, लिहिणारा अंधारात. दोन्हीकडं एकजण पुसला जातो.

मराठी रॅपचं आज बरं चाललंय. मुंबईच्या स्वदेशी गटाचा एमसी मवाली मराठीतून बोलतो. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर '१००आरबीएच' या नावानं वऱ्हाडी ठसक्यात बोलतो. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या तरुणावर सरकारविरोधी रॅपबद्दल गुन्हा दाखल झाला. मुंबई राज्याच्या सरकारनंही स्वातंत्र्यानंतर लगेच तमाशावर बंदी घातली होती आणि अण्णाभाऊंच्या लाल बावटा कलापथकाला त्रास दिला होता. बोलणाऱ्याचं तोंड धरायची सवय जुनी आहे. पण बोलणारंही पुढं येत राहतात, आणि ते बहुधा पुण्या-मुंबईच्या मध्यवस्तीतून येत नाहीत. कडेनं येतात.

त्या अंगणात परत जातो. संध्याकाळ झाली होती. हलगी गार पडली की आवाज उतरतो, म्हणून मामा दर पंधरा मिनिटांनी पेपर पेटवत होते. आजकाल प्लॅस्टिकची हलगीही मिळते, ती तापवावी लागत नाही. मामांना मी विचारलं, ती का नाही घेत? ते म्हणाले, "तिला ऊन-पाऊस कळत न्हाई." पोरानं सातव्यांदा ओळ म्हटली. या वेळी तो बरोबर हलगीच्या ठोक्यावर उतरला आणि मधे एक मात्रा रिकामी सोडली. त्या रिकाम्या जागेत हलगीचा एकच ठोका पडला. दोस्त कट्ट्यावरून उठून उभा राहिला. मामा काही बोलले नाहीत, नुसता हात वर करून चालू ठेव म्हणाले.

निघताना मी त्या दोघांना एक विनंती केली, तीच वाचकांनाही करतो. कोल्हापुरात दर वर्षी शाहिरीची शिबिरं होतात, लावणी महोत्सव होतात, आता रॅपचे मेळेही भरू लागलेत. त्या मंचावरून बापूरावांचं नाव जरूर घ्या. त्याच श्वासात पवळाबाई हिवरगावकरीण हे नावही घ्या, पूर्ण, गावासकट. आणि आपलं गाणं लोकांत सोडाल तेव्हा लिहिणारा, म्हणणारा आणि हलगी वाजवणारा, तिघांचीही नावं त्यावर घाला.